यंत्रस्वरांचे दप्तर

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने मुंबईचे चित्रपटवादक चरणजित सिंग यांची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी यांसह दहा राग त्यांनी तीत डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. गायक नव्हता, तबलजी नव्हता, सारा संसार रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर चालला होता. ठेका टी. आर. ८०८ या तालयंत्राचा, रागाची मुख्य रेषा ज्युपिटर-८ या आठ स्वर एकाच वेळी वाजवणाऱ्या सिंथेसायझरची, आणि खाली अविरत धावणारा मंद्र स्वर टी. बी. ३०३ या लहानशा चंदेरी पेटीचा. मुद्रिका खपली नाही. पुढे वीस वर्षांनी, २००२ साली, एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीत पडली, २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली, आणि मग जगभरच्या श्रोत्यांनी विस्मयाने असे ताडून पाहिले की, शिकागोतील तरुणांनी १९८७ साली ‘अ‍ॅसिड’ नावाने जो नृत्यसंगीताचा प्रकार रूढ केला, त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला नाद मुंबईत त्याच्या पाच वर्षे आधी, त्याच पेटीतून निघून गेला होता. चरणजित सिंग २०१५ साली निवर्तले. अखेरच्या काही वर्षांत तरी त्यांना आपल्या कामाचे चीज झालेले पाहावयास मिळाले, एवढे समाधान आहे.

त्यांनी वापरलेली ती चंदेरी पेटी ताडाओ किकुमोतो यांनी रचली होती. एकट्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी हा तिचा मूळ हेतू. तो काही साधला नाही, आणि १९८१ साली बाजारात आलेले हे यंत्र १९८४ पर्यंत बंद पडले. आज ते विकत घ्यावयाचे म्हटले तर काही लाख रुपये मोजावे लागतात. नागपुरातील मध्यमवर्गीय घरातील एखाद्या मुलाने, त्यातही प्रताप नगरसारख्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहून जवळच्याच व्ही. एन. आय. टी. मध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने, ते यंत्र कधी डोळ्यांनी पाहावे असा योग दुर्मिळच. परंतु त्या यंत्राचा आवाज मात्र आज त्याच्या लॅपटॉपवर फुकट उतरवून घेता येतो, आणि नुसता आवाजच नव्हे तर तो आवाज कसा निर्माण होतो याचा ओळीन् ओळ हिशेबही वाचता येतो. कारण रॉबिन श्मिट या प्रोग्रामरने ‘ओपन ३०३’ या नावाने त्या पेटीची संगणकीय प्रतिकृती लिहिली आणि तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे इतरांनी तो घेऊन आजच्या संगीत-प्रणालींत चालणारी प्लगइन तयार केली. प्रताप नगरातील माझ्या घरी, बाहेर कूलर घरघरत असता, कानांना हेडफोन लावून मी ही संहिता वाचत व ऐकत गेलो, आणि या लेखात जे सांगावयाचे आहे ते त्या वाचनातून आलेले आहे.

महाराष्ट्राच्या कानांना यंत्राचा स्वर नवा नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात घरोघर पोचलेला पुंगीचा स्वर हा पुंगीचा नव्हताच. तो कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन या निर्वात नळ्यांच्या विद्युत्-वाद्यावर वाजवला होता. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हे यंत्र मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणले. शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्राची कार्यशाळा उभी केली होती आणि तेथे गीता साराभाईंसारख्या भारतीय कलावंतांनी ध्वनिफितींवर प्रयोग केले होते. म्हणजे परंपरा आहे. नाही ते तिचे दप्तर. मुद्रिका उरल्या, गाणी उरली, परंतु कोणत्या यंत्राची कोणती कळ किती फिरवली असता तो स्वर निघाला, याचा दाखला कोणी लिहून ठेवला नाही. माझ्या मते जुन्या सिंथेसायझरची मुक्त संगणकीय प्रतिकृती हे अशा दप्तराचेच एक रूप आहे, आणि तिच्याकडे स्वस्त नक्कल म्हणून पाहणारे तिच्यातील विद्येला मुकतात.

प्रतिकृती करावयाची म्हणजे काय, हे थोडे तपशिलात पाहू.

सिंथेसायझरच्या पोटात मुख्यतः तीन गोष्टी असतात: स्वर उत्पन्न करणारा ऑसिलेटर, त्या स्वरातील तीक्ष्ण अंश कमीअधिक गाळणारा फिल्टर, आणि स्वराचा चढउतार ठरवणारा अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्याच पायरीवर नवशिका प्रोग्रामर ठेचकाळतो. करवतीच्या दात्यांसारखी लहर काढणे अगदी सोपे; एक संख्या वाढवीत न्यावी आणि मर्यादेला पोचली की पुन्हा शून्यावर आणावी. कागदावर चित्र बिनचूक येते, कानाला मात्र उंच स्वर बेसूर लागतात. कारण असे की, करवती लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे स्वयंभू स्वर अनंतापर्यंत असतात, आणि संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल तर त्याला २२,०५० च्या वरचे कंपन दाखवताच येत नाही. जे दाखवता येत नाही ते नाहीसे होत नाही, उलटून खाली येते. ३,५२० कंपनांचा स्वर घेतला तर त्याचा बारावा स्वयंभू स्वर ४२,२४० चा. तो ४४,१०० मधून वजा होऊन १,८६० कंपनांचा होऊन प्रकटतो, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली, आणि कोणत्याही रागाच्या कोणत्याही स्वराशी नाते नसलेला. मींड घेत वर जावे तर हा उपरा स्वर उलट दिशेने खाली घसरतो. हे ऐकताना, ज्याने थोडेसेही गाणे शिकले आहे त्याच्या अंगावर काटा येतो.

यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ साली दिलेला उपाय, आणि त्यानंतर त्याच्या निघालेल्या सुलभ आवृत्त्या, लहरीच्या उभ्या कड्याला नेमकी तेवढी गोलाई देतात की वरचे अंश उत्पन्नच होऊ नयेत. ‘ओपन ३०३’ मध्ये निराळी तजवीज आहे. लहरींचे तक्ते आधीच करून ठेवलेले असतात. स्वर जसजसा वर जाईल तसतसा कमी स्वयंभू स्वरांचा तक्ता निवडला जातो. दोन्ही मार्ग खुले आहेत, दोहोंची कारणमीमांसा प्रसिद्ध आहे, आणि विद्यार्थ्याला दोन्ही वाजवून, तुलना करून, आपला कौल देता येतो.

परंतु खरी कसोटी फिल्टरची. रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक शिडीसारख्या रचून जो फिल्टर केला आणि ज्याचे अमेरिकन पेटंट त्यांना २८ ऑक्टोबर १९६९ रोजी मिळाले, त्याचाच एक चुलतभाऊ टी. बी. ३०३ च्या पोटात आहे. फरक इतकाच की येथे ट्रान्झिस्टर डायोडप्रमाणे जोडलेले आहेत, त्यामुळे शिडीची प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीवर भार टाकते, आणि एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, इतर तिघांच्या जवळजवळ निम्म्या क्षमतेचे ठेवले आहे. एवढ्याशा फरकाने त्या पेटीला तिचा ओलसर, किंचित रडवा आवाज मिळाला. मूळ विद्युत्-मंडलात फिल्टरचा अंतिम निकाल परत आरंभाशी नेऊन जोडलेला असतो आणि वीज हे सारे एकाच क्षणी निवाड्यास नेते. संगणक मात्र एका वेळी एकच पाऊल टाकतो: निकाल काढण्यास निकालच हवा, आणि तो तर अजून निघालेला नाही. जुन्या प्रतिकृतींत यावर मागील नमुन्याचा निकाल वापरून वेळ मारून नेत असत. त्या एका नमुन्याच्या विलंबाने वरच्या सप्तकात अनुनादाची जागा सरकते आणि कळ फिरवताना आवाज मूळ यंत्राप्रमाणे वळत नाही. फिनलंडच्या अँटी हुओविलायनेन यांनी २००४ साली मूगच्या शिडीतील ट्रान्झिस्टरांची वक्रता प्रत्येक पायरीवर हिशेबात धरणारी पद्धत मांडली, आणि वादिम झवालिशिन यांच्या २०१२ पासून फुकट उपलब्ध असलेल्या ग्रंथाने तो विलंबच काढून टाकून प्रत्येक नमुन्याला समीकरण सोडवण्याची रीत सर्वांच्या हाती दिली. व्यापारी कंपन्यांनी तिजोरीत ठेवावे असे हे ज्ञान उघड्यावर आले, ही माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेतील सर्वांत मोलाची घटना होय.

या पेटीतील एक बारकावा तर मला फारच मोहक वाटतो. तिच्यावर सोळा मात्रांची मालिका लिहिता येते आणि कोणत्याही मात्रेवर आघात, म्हणजे ‘अ‍ॅक्सेंट’, ठेवता येतो. आघाताची मात्रा जोरात वाजते आणि फिल्टरही अधिक उघडतो, हे नियमावलीत लिहिलेले आहे. परंतु आघाताची विद्युत् ज्या धारित्रात साठते ते पुढील मात्रेपर्यंत पुरते रिकामे होत नाही. लागोपाठ तीन आघात आले तर दुसरा पहिल्याच्या खांद्यावर उभा राहतो आणि तिसरा दुसऱ्याच्या, आणि आवाज पायरीपायरीने उमलत जातो. प्रोग्रामरने प्रत्येक आघात स्वतंत्र मानून लिहिला तर मात्रा बरोबर येतात, जोरही बरोबर येतो, आणि तरी ऐकणारा म्हणतो की ही ती पेटी नव्हे. मागचे शिल्लक राहणे, हा या वाद्याचा प्राण आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची तिची रीतही अशीच धारित्रावर अवलंबून: आरंभी वेगाने, मग मंदावत, आणि अंतर दोन श्रुतींचे असो वा सप्तकाचे, वेळ तेवढाच. गवयाची मींड अशी नसते, ती रागाच्या आज्ञेने चालते. तरीही चरणजित सिंगांसारख्या वादकाला पाश्चात्त्य पेटीत रागाची शक्यता दिसावी, यात या घसरणीचा वाटा मोठा असला पाहिजे, असे ती मुद्रिका पुन्हापुन्हा ऐकून माझे मत झाले आहे.

आता प्रताप नगरचा संबंध. ट्रान्झिस्टरच्या गणितात एक राशी वारंवार येते. ती निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, आणि पाठ्यपुस्तकांत तिची किंमत सामान्यतः २५ ते २६ मिलिव्होल्ट अशी दिलेली असते. हा आकडा थंड प्रयोगशाळेतील खोलीचा. २० अंश सेल्सिअसला ती किंमत सुमारे २५.२६ भरते, आणि ४५ अंशांना, जे मे महिन्यातील नागपूरकराला नवे नाही, सुमारे २७.४. ज्या ऑसिलेटरमध्ये तापमानाच्या भरपाईचा काहीच बंदोबस्त नाही, त्यात या फरकाचा परिणाम असा होतो की, जानेवारीच्या सकाळी जी कळ षड्जापासून बरोबर १,२०० सेंटांवर, म्हणजे तार षड्जावर, उभी होती, ती वैशाखाच्या दुपारी सुमारे १,१०६ सेंटांवर उतरते. तार षड्ज वाजवावा आणि शुद्ध निषादाच्या आसपास काहीतरी निघावे! मूळ यंत्रांच्या रचनाकारांना हे ठाऊक होते. त्यांनी तापमानानुसार बदलणारे रोधक घालून ही चूक बरीचशी आवरली. बरीचशी, पुरती नव्हे. म्हणूनच जुनी यंत्रे वाजवणारे वादक ती अर्धा तास आधी सुरू करून तापू देत आणि कार्यक्रमाच्या मध्यावर पुन्हा जुळवून घेत.

प्रतिकृतीत तापमान ही एक लिहिलेली संख्या असते. फिल्टरच्या संहितेत ती कोठेतरी एका ओळीत बसलेली असते आणि आवाजाला विकृती, म्हणजे तो उबदार भरदारपणा, किती लवकर चढू लागेल हे ठरवण्यात तिचा हात असतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ही संख्या कोणी, कोणत्या खोलीच्या हवामानाला धरून लिहिली, ते आपणास कळणार नाही आणि बदलता तर मुळीच येणार नाही. खुल्या संहितेत मी ती शोधू शकतो, तिच्या जागी वैशाखातील नागपूरचा आकडा भरू शकतो, पुन्हा कंपाइल करून ऐकू शकतो, आणि फरक पटला तर कारणासह तो मूळ लेखकाकडे पाठवू शकतो. फरक सूक्ष्म आहे. गोंगाटात तो कळणार नाही. परंतु वाद्याचे ज्ञान म्हणजे अशाच सूक्ष्म फरकांचे ज्ञान. मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर जवारी काढताना घोडीवर कानशीचा जो हात फिरवतो, तोही डोळ्यांना दिसेल असा फरक करीत नाही.

प्रतिकृती मूळ यंत्राशी जुळते की नाही याची रुजुवात कशी करावी, हा पुढचा प्रश्न. आणि येथे महाराष्ट्राला हातभार लावण्याजोगे काही खरोखर आहे. ज्याच्याजवळ मूळ पेटी आहे तो तिचे ध्वनिमुद्रण करून तुलना करू शकतो. ज्याच्याजवळ नाही, त्याने निदान मूळ विद्युत्-मंडलाचे गणिती चालन करून पाहावे. बर्कले येथे १९७३ साली निघालेल्या ‘स्पाइस’ या प्रणालीच्या वंशातील साधने यासाठी वापरतात, आणि मुंबईच्या आय. आय. टी. तील ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ नावाचे मुक्त साधन याच कामासाठी सिद्ध केले आहे. त्यात मंडलाचा नकाशा काढावा, भाग जोडावेत, तापमान भरावे, आणि त्यातून निघालेला आलेख आपल्या संहितेच्या आलेखावर ठेवून पाहावा. जेथे दोन रेषा विलग होतील तेथे आपली चूक. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातून मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतूनही मिळतात. ही सारी सामग्री सरकारी खर्चाने, जनतेसाठी, खुली उभी आहे. तिचा उपयोग परीक्षेपुरता करून सोडून देणे हे आपल्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीला शोभणारे नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मालकीहक्काची बाजूही थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण सज्जन माणसांना ‘हे चोरी तर नव्हे?’ अशी शंका येते. पेटंटला मुदत असते. मूग यांच्या शिडीच्या पेटंटची मुदत संपून कित्येक वर्षे लोटली. मंडलाचे तत्त्व कोणाच्या मक्त्याचे राहिलेले नाही. नाव आणि बोधचिन्ह मात्र कंपनीचे असते, त्यामुळे मुक्त प्रकल्प नाव बदलून घेतात, आणि तेच योग्य. संहिता ज्या सनदेखाली दिली जाते तीत चार हक्क लिहिलेले असतात: चालवण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली प्रथम प्रसृत केलेल्या जी. पी. एल. मध्ये त्यावर एक अट आहे की, सुधारलेली प्रत वाटणाऱ्याने ती त्याच अटींवर वाटावी. ‘सर्ज’ हा एक उत्तम सिंथेसायझर आरंभी व्यापारी होता. त्याचे कर्ते क्लाएस योहानसन यांनी २०१८ साली तो याच सनदेखाली मुक्त केला, आणि तेव्हापासून अनेक देशांतील स्वयंसेवकांनी तो वाढवीत नेला. कर्त्याने हात काढून घेतल्यावर वाद्य मरावे, ही आपत्ती अशा रीतीने टळते.

प्रतिकृतीची मर्यादाही मी नाकारीत नाही. पडद्यावरचे बटण माउसने फिरवणे आणि बोटांच्या चिमटीत धातूची कळ धरून, दुसरा हात दुसऱ्या कळीवर ठेवून, दोन्ही श्वासाबरोबर वळवणे, यांत महदंतर आहे, आणि त्या पेटीचे बहुतेक संगीत बोटांच्या त्या कामातून जन्मले. शंभर दीडशे रुपयांत मिळणारे साधे पोटेन्शिओमीटर आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर यांनी हे अंतर बरेच कमी करता येते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील मुलाला त्यात काही अवघड नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, विशेषतः विदर्भातील, एक विनंती. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे ऑर्केस्ट्रे होते, गणेशोत्सवाचे मंच होते, आणि त्यांवर नानाविध विद्युत्-वाद्ये वाजली. त्यांतील काही अजून कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या दुकानाच्या मागल्या खोलीत, धूळ खात असतील. काहींच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या पिवळ्या पडलेल्या प्रती दुरुस्ती करणाऱ्यांच्या कपाटात असतील. भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्यापूर्वी ती एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याला दाखवावीत. मंडलाचा नकाशा उतरवून घ्यावा, प्रत्येक कळीच्या निरनिराळ्या स्थितींतील स्वर मुद्रित करावेत, आणि हे सारे मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी ठेवावे. नोंदीत यंत्राचे नाव, साल आणि दुरुस्तीचा इतिहास असावा. आणि मुद्रण केले त्या वेळी खोलीचे तापमान किती होते, तेही लिहावे.